लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी

राहीचा वास गेला तो तापात. ताप उतरला, अंगदुखी थांबली, सर्दी वाहून संपली, पण नाक काही ताळ्यावर आलं नाही. आणि तिला ते कळलं तेही दुसऱ्याच्या तोंडून. शेगडीवर भात करपून घरभर धूर झाला होता आणि ती दोन हातांवर पाठमोरी बसून कोळंबी सोलत होती. आतून सासू ओरडली, "राहे, भात जळाला गो! नाक बंदरावर ठेवून आलीस काय?"

मांडवीतल्या त्या घरात एरवी दोघीच असायच्या, राही आणि तिची सासू आवडाबाई. राहीचा नवरा रघू बोटीवर खलाशी. बोट एकदा बाहेर पडली की आठवडाभर घर बघायची नाही. मुलगी ऋतिका शिकायला चिपळूणला. राही पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि वरच्या आळ्यांमधून दारोदार विकायची. वास गेल्यावरही तिचा धंदा अडला नाही. कल्ले लाल आहेत का, डोळा चकचकीत आहे का, बोटाने दाबलं तर मांस वर येतं का, एवढ्यावर ती निभावून न्यायची. जेवण मात्र संपलं. कालवण खा नाहीतर ओला कागद चघळा, सारखंच. महिनाभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा आवडाबाईनेच तिला बळेबळे हॉस्पिटलात पाठवलं.

तिथे कान-नाक-घशाच्या विभागात डॉक्टर वेदिका होती. राजापूरची, तिशीतली, हळू आवाजात बोलणारी. तिने नाकात दुर्बीण घालून तपासलं आणि समजावलं, की तापाचे जंतू नाकाच्या वरच्या टोकाला असलेले वासाचे बारीक तंतू मारून टाकतात. कुणाचे परत फुटतात, कुणाचे नाहीत. त्यावरच तिचं संशोधन चाललं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ चार बाटल्या हुंगायच्या, लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी. शिवाय एका पाण्याने नाक धुवायचं. निम्म्या लोकांच्या पाण्यात औषध, निम्म्यांचं नुसतं मीठपाणी. कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत ना पेशंटला कळणार, ना डॉक्टरला.

"म्हणजे माझ्या नशिबी मीठपाणीच आलं तर?" राहीने विचारलं.

"येऊ शकतं, राहीताई. म्हणून तर आधी विचारते आहे. नाही म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत."

"समुद्राकाठी राहून मीठपाण्याला काय भ्यायचं," राही म्हणाली आणि तिने सही केली.

डॉक्टरने एक गोष्ट बजावून सांगितली होती. नुसतं हुंगायचं नाही, तो वास कसा होता ते आठवायचं. त्या कामी आवडाबाई हौसेने पुढे झाली. खाटेवर बसून ती आधी स्वतः बाटली हुंगायची आणि मग सुनेच्या नाकाखाली धरायची. "ही लवंग. माझी दाढ दुखली तेव्हा रघूच्या बापाने आणून दिलेली, सबंध रात्र दाताखाली धरून होते. हा गुलाब. लग्नात वऱ्हाडावर गुलाबपाणी शिंपडतात ना, तसा." आणि प्रत्येक बाटलीनंतर ती विचारायची, "आला का गो वास?"

"नाय, आई."

"येईल, येईल. घाई नाय."

राहीला त्या म्हातारीचा फार आधार वाटायचा. इतकी वर्षं एका घरात काढली, पण दोघी अशा समोरासमोर कधी बसल्या नव्हत्या.

त्याच दिवसांत अंगणात आवडाबाईच्या टाचेत कालवाची शिंप घुसली. साखरेच्या आजाराने तिच्या पायांची जाणीव आधीच गेली होती. चप्पल रक्ताने भरली तेव्हा तिला कळलं. दवाखान्यात मलमपट्टी झाली. पहिले दोन-तीन दिवस राहीने पट्टी बदलली, मग सासू म्हणाली, "तू बंदरावर जा गो. लिलाव थांबायचा नाय तुझ्यासाठी. माझं मी बांधते, हात चालतात अजून." राहीला ते खरं वाटलं. संध्याकाळी परत यावं तर पाय पांढऱ्या पट्टीत नीट गुंडाळलेला असायचा, वर लुगड्याचा काठ ओढलेला. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सुकत आलाय."

शेजारची कमळा रोज चहाला यायची, ती उंबऱ्यावरूनच बोलून जाऊ लागली. पडवीत सुकी मासळी टांगलेली होती. मासळीवाल्याच्या घरात वास यायचाच, असं तिने धरलं. राहीला वाटलं, कमळा कशावरून तरी रुसली असेल.

बोट बंदराला लागली आणि रघू घरी आला. दारातच तो थबकला.

"काय मेलंय घरात?"

"काय नाय. का?" राही म्हणाली.

तो वासाच्या मागे मागे सरळ आईच्या खाटेपाशी गेला. आवडाबाईने पाय आत ओढला. त्याने तो धरून पट्टी सोडली. टाच उरलीच नव्हती. घोट्यापर्यंत पाय काळा पडला होता.

हॉस्पिटलात तपासणाऱ्या सर्जनने नाकाला फडकं लावलं आणि राहीकडे बघून विचारलं, "इतके दिवस तुम्हाला वास नाही आला?" त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पण बाहेर बाकावर बसल्यावर रघूनेही तेच विचारलं, आणि त्याला तर ठाऊक होतं.

"तुला वास नाय आला गो?"

रघूने तोंड फिरवलं. नंतर हा प्रश्न त्याने पुन्हा कधीच काढला नाही, पण एकदा विचारलेला तो राहीच्या छातीत रुतून बसला.

पाय गुडघ्याखाली कापायचं ठरलं. ऑपरेशनला न्यायच्या आधी आवडाबाईने सुनेला जवळ बोलावलं. तापाने तिचे ओठ फुटले होते.

"मला येत होता वास," ती म्हणाली. "पयल्यापासून येत होता."

"मग बोललात का नाय, आई?"

"माझ्या भयणीचा पाय कापला होता. तशीच लोळत मेली ती. मला नको होतं तसं." ती दम खात थांबली. "तुला रोज विचारीत होते ना, आला का गो वास... तू नाय म्हटलंस की बरं वाटायचं मला. आजचा दिस टळला. रघूला सांगू नको. आईने फसवलं म्हणेल."

पाय कापला, पण विष रक्तात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी आवडाबाई गेली. राहीने रघूला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्या माथ्यावरचं ओझं उतरलं असतं. पण ते ज्या बाईवर टाकायचं, ती आता राखेत होती.

तेराव्यानंतर एके दुपारी कांदा परतताना राहीच्या नाकात काहीतरी शिरलं. क्षणभर तिचं काळीज उडालं, वास! आणि दुसऱ्याच क्षणी ती मोरीकडे धावली. कांद्याला कुजक्या मांसाचा वास येत होता. चहाला तोच, साबणाला तोच. रात्री रघू शेजारी येऊन निजला आणि ती तोंड फिरवून भिंतीकडे सरकली. त्याच्या घामालाही तोच वास होता, आणि त्याने विचारल्यावर तिला ते सांगावंच लागलं.

सासूच्या पायाला कसला वास येत होता, हे तिला कधीच कळलं नव्हतं. तो हाच असणार, याबद्दल तिची आता खात्री झाली.

"वास परत येतो आहे, राहीताई," डॉक्टर वेदिका म्हणाली. "तंतू नव्याने फुटतात तेव्हा जोडणी चुकते. म्हणून सगळं कुजकं वाटतं. पण हे चांगलं लक्षण आहे."

"कधी जाईल?"

"महिने लागतात. कधी वर्षही."

पावसाळ्यात मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. रघू दोन महिने घरीच होता. तो दिवसातून तीनदा अंघोळ करायचा, साबण बदलून बघायचा. एक दिवस त्याने आपली चटई पडवीत नेऊन टाकली. जेवणाचं ताटही तो बाहेरच मागू लागला. ऋतिका सुट्टीला आली तेव्हा तिने विचारलं, "बाबा बाहेर का निजतात?" राही म्हणाली, "आत उकडतं."

संशोधनाची शेवटची तपासणी झाली. एकेक कुपी नाकाखाली धरून ओळखायला लावली, आणि राहीने बहुतेक ओळखल्या. कुजकेपणाच्या आत दडलेली लवंग, लिंबू तिला आता वेगळे काढता येत होते. पुढे कुणाला कोणतं पाणी मिळालं त्याची बंद पाकिटं उघडली तेव्हा कळलं की तिच्या वाट्याला मीठपाणीच आलं होतं.

"म्हणजे तुमची सुधारणा आपोआप झालेली आहे," वेदिका म्हणाली.

"सुधारणा?" राहीने मान वर केली. "मॅडम, तुमच्या अभ्यासात माझी सुधारणा म्हणून लिहिणार?"

"हो. तपासणीतले गुण वाढले आहेत, त्यामुळे तसंच लिहावं लागेल."

"मग माझी सासू मेली ते कुठे लिहिणार?"

"पेशंटला स्वतःला काही झालं तर लिहितात," वेदिका म्हणाली. "घरच्यांचं लिहायला जागा नाही. घरात आजारी कोणी आहे का, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. आता नव्या पेशंटना विचारते."

राहीने मान डोलावली. तिला राग आला नाही. राग यायलाही अंगात काही उरावं लागतं.

ऑगस्टात बोटी पाण्यात उतरायच्या आदल्या संध्याकाळी रघू पिशवी भरून पडवीत बसला होता. राहीने चहा नेऊन ठेवला. ती वळणार तोच तो कपाकडे बघत म्हणाला, "अजून येतो काय माझा वास?"

त्याच्या दाढीत या दोन महिन्यांत पांढरं फार झालं होतं. वास अजून तसाच येतो, दोन दिवसांपूर्वी तिने उलटी कशी दाबली होती, सगळं जिभेवर आलं.

"नाय," ती म्हणाली. "गेला."

रघूने तिच्याकडे पाहिलं आणि चटईवर सरकून जागा केली. राही त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली आणि तोंडाने श्वास घेत राहिली.