रोजच्या रस्त्याचा शाफ्ट

“तो खोका उघडूच नका, मेस्त्री,” घड्याळबाई म्हणाल्या. “त्यातला शाफ्ट माझ्या गाडीत जाणार नाही.”

“जाईल हो वहिनी, मापाचाच आहे,” त्यांचे दीर म्हणाले.

“मापाचं कोण बोलतंय, भाऊजी? मी जाऊ देणार नाही, असं म्हणतेय.”

मेस्त्रींनी खोक्यावरचा हात काढून घेतला आणि स्वच्छच असलेले हात पुन्हा फडक्याला पुसायला घेतले. घरची भांडणं गॅरेजात यायची त्यांना सवय होती.

घड्याळबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. पण चोवीस वर्षं बस डेपोत गाड्या सुटण्या-येण्याच्या वेळा लिहिणाऱ्या बाईला ड्रायव्हर मंडळी दुसरं काय म्हणणार? तीन मिनिटं उशीर झाला की बाई तीनच लिहिणार. कुणी कितीही गयावया करो, दोन नाही म्हणजे नाही.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मागे राहिली ती त्यांची जुनी लाल गाडी आणि पलंगाखालचा हा खोका. खोक्यात शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसला जबरदस्त कॅमशाफ्ट. इंजिनातले व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे हा दांडा ठरवतो. तो बदलला की इंजिनाचा स्वभावच बदलतो. नवऱ्याने मोठ्या हौसेने आणला होता आणि बसवायच्या आधीच ते गेले. आता गाडीतला जुना शाफ्ट पार झिजला होता. इंजिन टकटक करायचं, डेपोच्या चढावर धापा टाकायचं. नवीन काहीतरी घालणं भागच होतं.

“दादाचं स्वप्न होतं, वहिनी,” भाऊजींचा आवाज मऊ झाला. “हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यातसुद्धा याच शाफ्टबद्दल बोलत होता. त्याचा एवढा एक शब्द नाही राखणार तुम्ही?”

महिनाभर भाऊजी हेच एक वाक्य घेऊन येत होते आणि महिनाभर बाई गॅरेजात जायचं पुढे ढकलत होत्या.

मेस्त्रींनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. “गाडी रोज किती आरपीएमवर पळते? म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे किती?”

“सहा हजार,” भाऊजी लगेच म्हणाले. “सातसुद्धा.”

“इथे येणारा प्रत्येक जण सातच सांगतो. आणि त्या भरात मोठा शाफ्ट घालून घेतो. मग महिन्याभरात परत येतो, ‘मेस्त्री, गाडी सिग्नलला बंद पडते’ म्हणत.”

बाईंनी पर्समधून वही काढली. “आठ दिवसांचं लिहून आणलंय. जाताना अकरा सिग्नल, येताना अकरा. प्रत्येक सिग्नलला थांबले की, मधल्या पट्ट्यात आरपीएमचा काटा कुठवर गेला ते लिहायचं. बहुतेक वेळा दोन हजार, अडीच हजार. सगळ्यात जास्त बत्तीसशे. तेही एकदाच, एका ट्रकला मागे टाकताना.”

मेस्त्रींनी चष्मा चढवून पानं उलटली. एकही आकडा खोडलेला नव्हता.

“पस्तीस वर्षं हा प्रश्न विचारतोय, बाई,” ते म्हणाले. “खरं उत्तर आज पहिल्यांदा मिळालं.” मग भाऊजींकडे वळले. “तुमचा हा शाफ्ट चार हजारांच्या खाली झोपलेला असतो. सिग्नलला गाडी थरथरणार, बंद पडणार. शिवाय इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर तुमचा ब्रेक हलका होतो; ती ओढ कमी पडणार. ब्रेक जड होईल. नुसता जड नाही, उभं राहून दाबावा लागेल.”

“मग मी चालवीन की!” भाऊजी बोलून गेले. “माझ्याकडेच ठेवतो. रविवारी बाहेर काढायची. वहिनींना डेपोला जायला बस आहेच.”

आलं ना पोटातलं ओठावर! भाऊजींना ते कळलं तसे ते खोक्याची दोरी चाचपू लागले.

“सोळा वर्षं ह्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण गॅरेजातली ठोकाठोक थांबली. “‘तुला झेपायची नाही’ म्हणायचे. मी शेजारी बसून हसायचे. हे गेल्यावर शेहेचाळिसाव्या वर्षी शिकले. दोनदा फाटकाला ठोकली, पण शिकले. आणि आता तुम्ही ती मला झेपणार नाही अशी करून द्यायला निघालात?”

“वहिनी, दादा—”

“मला ह्यांची रोज आठवण येते, भाऊजी. जेवताना येते, कपडे वाळत घालताना येते. पण म्हणून ह्यांचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं असं नाही. तो खोका तुम्ही न्या. मनापासून देते. गाडी मात्र माझी आहे.”

मेस्त्री हळूच म्हणाले, “मग कंपनीचा साधाच घालू? एकदम शांत चालेल.”

“शांत कुणी मागितलं?” बाई त्यांच्यावरही उखडल्या. “दोन हजारांपासून साडेचार हजारांपर्यंत जोर हवा. त्या चढावर मला कुणाच्याही मागे रांगायचं नाही.”

मेस्त्रींना हसू आवरेना. “एक पायरी वरचा आहे. देतो.”

गुरुवारी संध्याकाळी शाफ्ट बसला. भाऊजी न बोलावता आले होते, कोपऱ्यात उभे होते. मेस्त्रींनी बाईंना बजावलं, “आता सुरू झालं की वीस मिनिटं इंजिन दोन हजारांच्या खाली येता कामा नये. दोन ते अडीचच्या मध्ये ठेवायचं. पाय ढिला पडला तर नवाकोरा शाफ्ट आजच खरवडला जाईल.”

“उतरा वहिनी, मी बसतो,” भाऊजी पुढे झाले. “एवढा वेळ पाय धरवणार नाही तुम्हाला.”

“धरवेल.”

इंजिन गरजलं. गॅरेजात धूर झाला, मग निवळला. पाचव्या मिनिटाला पोटरीत गोळा आला. अकराव्या मिनिटाला बाईंना एकदम रडू फुटलं. नवरा हवा होता, आत्ता, इथे, आणि त्याने बघायला हवं होतं. बाई हुंदके देत रडल्या, पण काट्यावरची नजर काढली नाही, की पाय हलला नाही. मेस्त्री पाठ करून उगाचच पाने लावत राहिले.

“झाली वीस,” बाईच म्हणाल्या, आणि त्यांनी पाय उचलला. इंजिन खाली आलं, क्षणभर घोटाळलं आणि एका लयीत चालू राहिलं.

भाऊजी सवयीने ड्रायव्हरच्या दारापाशी आले होते. तिथे ते थबकले. मग गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी डोळे पुसले, वाकून आतून कडी काढली आणि ते बसल्यावर म्हणाल्या, “पट्टा लावा, भाऊजी.”