बोडीखालची बांधी

तेजरामने क्लच सोडला आणि ट्रॅक्टर मागे गेला. त्याला पुढे जायचं होतं. मागे शेणखताचा ढीग होता. चाक त्यात अर्धं शिरलं, मागचा माती घुसळणारा रोटावेटर रुतला आणि इंजिन एक गचका देऊन बंद पडलं. कुंपणापाशी टेकचंद उभा होता. त्याचं शेत तेजरामच्या शेताला लागून होतं आणि तोंड साऱ्या गावाला.

"तेजरामभाऊ, खत बांधीत टाकाचं असते," तो म्हणाला. "तुमी तं ट्रॅक्टरच खतात टाकून राहिले!"

तेजरामने खाली वाकून बघितलं. स्टिअरिंगखाली डाव्या हाताला एक छोटा दांडा होता, त्याला शटल म्हणत. पुढे ढकलला की ट्रॅक्टर पुढे, मागे ओढला की मागे. इतकी साधी गोष्ट. पण बावीस वर्षं जुना ट्रॅक्टर चालवलेला त्याचा हात अजून दोन पायांच्या मधेच गिअर शोधायला जायचा, आणि तिथे आता नुसती रबरी चटई होती. क्लचचंही तेच. जुन्यावर क्लच तळापर्यंत दाबला की मागचा रोटावेटर थांबायचा. याच्यात त्याची कळ वेगळी. काल तेजरामने क्लच दाबला, रोटावेटर थांबला असं समजून वळला आणि हातभर धुरा, म्हणजे शेताचा बांध, कापून टाकला. टेकचंदच्याच बाजूचा धुरा.

घरातून हर्षा आली. तेजरामची सून, धनंजयची बायको. तिने पदर खोचला आणि ट्रॅक्टरकडे एकदा बघितलं.

"मामाजी, शटल मागंच राहालं होतं."

"मले दिसते," तेजराम म्हणाला आणि उतरला.

ती वर चढली, रोटावेटर उचलला, शटल पुढे ढकललं, आणि ट्रॅक्टर ढिगातून असा निघाला की कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या नाहीत. टेकचंदने टाळी वाजवली. तेजरामच्या पोटात दुखलं. खरंच दुखलं, जेवण बाधल्यासारखं.

धनंजय चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होता आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. हा नवा ट्रॅक्टर त्यानेच घेतला होता. शोरूमचा मेकॅनिक येऊन दोन तास शिकवून गेला, तेव्हा हर्षाने सगळं मोबाइलमध्ये उतरवून घेतलं. तेजराम आंब्याखाली बसून होता. ट्रॅक्टर कुणाकडून शिकायचा? गावातल्या अकरा जणांना त्याने स्वतः शिकवला होता, त्यात टेकचंदही आला. जाताना तो मेकॅनिक हसत म्हणाला, "ज्यानं जुना कधी चालवला नाही, त्याले हा लवकर जमते." तो बोलून गेला आणि तेजराम चार दिवस ते वाक्य चघळत राहिला.

शनिवारपासून भाताची रोवणी होती. बाया रोवायला उतरायच्या आधी बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, चिखल करून द्यायचा. दरवर्षी हा प्रश्नच नसायचा. तेजराम सीटवर बसायचा, बाया धुऱ्यावर थांबायच्या, लोक म्हणायचे, तेजरामभाऊचा चिखल म्हणजे लोणी. यंदा जेवताना त्याची बायको पुष्पाबाई वाढता वाढता सहज बोलल्यासारखं बोलली.

"यंदा हर्षालेच बसू द्या. तुमची कंबरही दुखते."

"माही कंबर दुखते हे कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? उठताना आयकू येते."

हर्षा मान खाली घालून भात कालवत होती. ती हसली नाही. हसली असती तर तेजरामला निदान रागवायला कारण मिळालं असतं. मुलगी वाईट असती, उद्धट असती, तर फार बरं झालं असतं असं त्याला वाटलं. पण ती सकाळी त्याच्या चहात साखर कमी घालायची, कारण डॉक्टरने सांगितलं होतं. अशा माणसावर जळणं फार जड काम असतं, आणि तेजराम ते काम रोज करत होता.

शनिवारी सकाळी बोडीचं, म्हणजे वरच्या लहान तळ्याचं, पाणी बांध्यांत सोडलेलं होतं. मागच्या चाकांना चिखलात चालणारी, पिंजऱ्यासारखी लोखंडी केजव्हील लावली होती. हर्षाने एकेक बांधी घेतली. धुऱ्यापाशी आली की शटल मागे, वळली की पुढे, आणि गिअर बदलल्याचा आवाजही नाही. तेजराम धुऱ्यावर फावडं घेऊन कोपरे ओढत होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो चिखलणीच्या दिवशी खाली उभा होता. दहा-बारा बाया पऱ्ह्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या घेऊन आल्या. त्यातली एक म्हणाली, "बापा, चिखल तं लोणीच झाला!"

तेजरामने ते ऐकलं आणि फावडं जरा जोरात मारलं.

शेवटची राहिली बोडीखालची बांधी. मोठी, चांगली, पण मधे उजव्या अंगाला एक जागा होती जिथे बोडीचं पाणी जमिनीखालून झिरपायचं. वर बघितलं तर काही वेगळं दिसायचं नाही. खाली मात्र गाळाला तळ नव्हता. एकदा त्याचा स्वतःचा बैल तिथे छातीपर्यंत गेला होता. बावीस वर्षं तो त्या जागेला वळसा घालून चिखल करायचा आणि तेवढा तुकडा बायांकडून पायानेच तुडवून घ्यायचा.

हर्षाने बांधीच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबवला. इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं,

"मामाजी, सरळ घेऊ का?"

तेजरामने तिच्याकडे बघितलं. तिच्या गालावर चिखलाचा एक शिंतोडा होता आणि ती खरंच विचारत होती. उत्तर त्याच्या जिभेवर होतं. मग त्याला टेकचंदची टाळी आठवली.

"घे ना," तो म्हणाला. "तुले तं सारं येते."

ती गेली. अर्ध्या बांधीपर्यंत ट्रॅक्टर नीट गेला. मग उजवं चाक खाली बसलं. तिने थोडा वेग वाढवला, तसं ते आणखी बसलं. केजव्हील जागच्या जागी फिरून काळा गाळ उडवू लागलं. ट्रॅक्टर एका अंगाला कलला, आणि सीटवरची ती पोरगी दुसऱ्या बाजूच्या मडगार्डला धरून लोंबल्यासारखी झाली.

धुऱ्यावर बाया ओरडल्या. पुष्पाबाईच्या हातातली जुडी पडली.

आपण काय केलं हे तेजरामला तेव्हा कळलं. मघाशी त्याच्या डोक्यात फक्त फसलेला ट्रॅक्टर होता, त्यावर बसलेलं माणूस नव्हतं.

"पाय काढ! रेस सोड!" तो ओरडत बांधीत उतरला. "रोटावेटर बंद कर आधी! कळेनं कर, क्लचनं नाही!"

हर्षाने कळ ओढली. रोटावेटर थांबला. तेजराम मांडीभर गाळातून तिच्यापर्यंत गेला आणि खाली वाकून चाकाखाली हात घातला. धुरा या चाकापासून किती लांब, मागची जमीन कुठून कडक, हे त्याला बघावं लागलं नाही. त्याने टेकचंदला बल्ल्या, जाड लाकडी वासे, आणायला पिटाळलं, बायांना पळसाच्या फांद्या तोडायला लावल्या. टेकचंद खांद्यावर दोन बल्ल्या घेऊन धापा टाकत आला.

"तेजरामभाऊ, आता तुमीच बसा वरतं. हे पोरीचं काम नोहे."

हर्षा लगेच सीटवरून सरकली. "या मामाजी."

याच क्षणासाठी तो गेले पंधरा दिवस मरत होता. सगळं गाव धुऱ्यावर, सीट रिकामी. पण तेजरामने स्वतःच्या हाताकडे बघितलं. गडबडीत तो हात कुठे जाईल हे त्याला ठाऊक होतं. आणि इथे चूक झाली तर मागे अडवायला शेणखताचा ढीग नव्हता.

"तूच बस," तो म्हणाला. "मी सांगतो तसं कर."

त्याने फांद्या आणि बल्ल्या चाकामागे पायाने दाबून बसवल्या आणि बाजूला झाला.

"शटल मागं. सर्वांत खालचा गिअर. डिफरन्शियल दाबून ठेव, दोनी चाकं संगच फिरतीन, सोडू नोको. आता हळू. हळू म्हंतो ना!"

चाक फिरलं, बल्ली कडकडली, ट्रॅक्टर थरथरला आणि वीतभर मागे आला. मग हातभर. मग एकदम सरळ झाला आणि कडक जमिनीवर येऊन उभा राहिला. बायांनी श्वास सोडला.

टेकचंदला तोंड उघडायला एवढा वेळ पुरेसा होता.

"काहून वं पोरी, त्या जाग्यावर कायले गेली? तेजरामभाऊ, तुमाले तं मालूम होती ना ते जागा? सुनेले सांगतली नाही का?"

सगळे तेजरामकडे बघू लागले. त्याच्या अंगावरून गाळ निथळत होता. तो तोंड उघडणार तोच हर्षा वरून म्हणाली,

"सांगतली होती मामाजीनं. मलेच ध्यान नाही राहालं."

पुष्पाबाईने तिला दटावलं, "असं कसं ध्यान नाही राहात!" आणि हर्षाने ते मुकाट ऐकून घेतलं.

तेजरामने पुष्पाबाईला हातानेच थांबवलं.

"नाही," तो म्हणाला. "मी नाही सांगतली. तिनं इचारलं होतं. मी मुद्दाम नाही सांगतली."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. मग टेकचंद मोठ्याने हसला आणि तेजरामच्या पाठीवर थाप मारून म्हणाला,

"वा रे सासरा! सुनेची चूक आपल्यावर घेऊन राहिला. पाहा वं बायांनो, असा मानूस भेटन का कुठं?"

बाया कौतुकाने माना डोलवू लागल्या. पुष्पाबाईचे डोळेसुद्धा भरून आले. तेजराम एकेकाकडे बघत राहिला. त्याला पुन्हा सांगावंसं वाटलं, पण कुणाला सांगणार? लोक जुड्या उचलून आपापल्या कामाला लागले होते.

हर्षा सीटवरून वाकली. तिचा आवाज त्याच्यापुरताच होता.

"राहू द्या आता, मामाजी. तुमी खरं सांगतलं, मी आयकलं, झालं."

त्याने बांधीकडे बघितलं. बांधी अजून अर्धी बाकी होती आणि सोडलेलं पाणी उतरत होतं. त्याने फावडं धुऱ्याला टेकवून ठेवलं आणि ट्रॅक्टरच्या पुढे, चाकाच्या रेषेत जाऊन उभा राहिला. मग पायाने तळ चाचपत चालू लागला. मागे इंजिन सुरू झालं. तिने गिअर टाकला, जराही करकर न होता, आणि तेजरामला पुन्हा वाईट वाटलं, अगदी त्या टाळीच्या वेळी वाटलं होतं तेवढंच. त्याने मागे वळून बघितलं नाही. पायाखाली गाळ मऊ लागला तसा त्याने डावा हात वर केला, आणि त्याच्या पाठीमागे ट्रॅक्टर डावीकडे वळला.