सार्जंट ॲन्व्हिलची हनुवटी

निन्फा फेरांतेने सत्याऐंशी वर्षांत स्वतःच्या मनाने एकही चेहरा काढला नव्हता. ती शाईवाली होती. कॉमिकच्या धंद्यात पेन्सिलवाला चित्र काढतो, शाईवाला त्याच्या रेघांवरून ब्रश फिरवतो, आणि नाव पेन्सिलवाल्याचं होतं. याचं आपल्याला कधी वाईट वाटलं नाही, असं निन्फा म्हणायची. जरा जास्तच वेळा म्हणायची.

बेचाळीस साली पोरं लढाईवर गेली म्हणून मॅनहॅटनच्या स्टुडिओत तिला खुर्ची मिळाली. समोरच्या टेबलावर मिल्ट झुकरब्रोड पेन्सिलने सार्जंट ॲन्व्हिल काढायचा. सार्जंट म्हणजे लोहाराचा मुलगा, छातीवर ऐरण, डोळ्यांवर मुखवटा. दर महिन्याला तो नाझींना बदडून काढायचा आणि देशातली पोरं त्याच्यावर जीव टाकायची. आता इतक्या वर्षांनी त्याच्यावर सिनेमा निघत होता. त्या सिनेमावाल्यांतलीच एक मुलगी त्या दुपारी ब्रॉन्क्समधले तीन जिने चढून निन्फाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती.

तिचं नाव मारिसोल. मेकअप खात्यात काम करायची. तिने बॅगेतून जुन्या अंकांच्या प्रती काढून टेबलावर मांडल्या.

"मिस फेरांते, सोळाव्या अंकापर्यंत ही हनुवटी बघा. अगदी चौकोनी ठोकळा. आणि सतराव्यापासून ही खळी येते. तीही मधोमध नाही, जराशी डावीकडे. जाणकार म्हणतात, इथे झुकरब्रोडना स्वतःची शैली सापडली."

"मिल्टला शैली सापडली म्हणे!" निन्फा हसली. "अगं, त्याला स्वतःचा चष्मा सापडायचा नाही."

मारिसोलने घाई केली नाही, म्हणून असेल, पण सदुसष्ट वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट निन्फाने या अनोळखी पोरीला सांगून टाकली.

चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत तिचा भाऊ गास्पारे इटलीत आंझिओच्या किनाऱ्यावर मारला गेला. आजोबा ज्या देशातून पोट भरायला अमेरिकेत आले, त्याच देशात नातू मरायला गेला. तार आली त्या आठवड्यात निन्फाच्या टेबलावर सतराव्या अंकाची पानं होती. तिने मुखवट्याखाली गास्पारेची हनुवटी भरली. मिल्टने पान उचलून पाहिलं आणि विचारलं, "हा कोण?" तिने सांगितलं. पुढच्या अंकापासून तो मुखवट्याखालची जागा कोरी सोडायला लागला. ती जागा निन्फाची झाली.

"त्यांचा फोटो आहे?" मारिसोलने विचारलं.

"मोठेपणीचा एकच होता. लष्करी गणवेशातला. आईने मरताना मागितला, तो मीच तिच्या हातात जपमाळेखाली ठेवला आणि शवपेटी बंद केली." निन्फाने स्वच्छच असलेलं टेबल हाताने झाडलं. "वाटलं, मला काय, चेहरा पाठ आहे. कसला पाठ! आता आठवायला जाते तर हे कॉमिकच आठवतं."

मारिसोलचं काम पुढेच होतं. सिनेमाच्या शेवटी सार्जंट नव्वदीचा म्हातारा होऊन बाकावर बसतो आणि मुखवटा काढतो. तो चेहरा कसा असेल, हे तिला हवं होतं.

"तो वीस वर्षांचा आहे," निन्फा म्हणाली.

"हो, पण गोष्टीत..."

"वीस वर्षांचा आहे म्हटलं ना! गोष्ट गेली खड्ड्यात."

तिला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. होता तेवढा एक चेहरा, त्यावर म्हातारपण चढवलं तर तरुण गास्पारे कायमचा पुसला जाईल. मग उरेल काय? रिकामं घर आणि रविवारी एकटीसाठी शिजवलेला रस्सा.

मारिसोलने प्रती गोळा केल्या. दारात थांबून एवढंच म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. पण मग ते कुठल्यातरी म्हाताऱ्याचं तोंड चिकटवतील."

"बस इथे," निन्फा म्हणाली. "पेन्सिल आहे ना? काढ एक म्हातारा. कुठलाही. बाकीचं मी बघते."

मारिसोलने म्हातारा काढला आणि हनुवटीची जागा कोरी सोडली. निन्फाने दौत आणि ब्रश काढला. ब्रश कागदाला टेकवला. हनुवटी सरसर आली. डोळ्यांपाशी मात्र निन्फा अडली, ते कुणा परक्याचेच होते. मग तिने सिंकवरचा आरसा काढून समोर उभा केला आणि आपल्या डोळ्यांखालच्या पिशव्या, लोंबलेली कानाची पाळी, ओठांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या एकेक करून भावाला देऊन टाकल्या. सख्खी भावंडं ती, दुसरीकडून आणणार कुठून? संध्याकाळी मारिसोल तो कागद घेऊन गेली.

पुढच्या उन्हाळ्यात सिनेमा लागला. निन्फा मंगळवारच्या मॅटिनीला एकटीच गेली. दोन तास नुसते स्फोट. दोनदा तिला डुलकी लागली. अखेर म्हातारा बाकावर बसला आणि त्याने मुखवटा काढला. नेमका तेव्हाच पुढच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस निघायला उभा राहिला.

"ए, बस खाली!" निन्फा ओरडली. "माझा भाऊ आहे तो!"

माणूस मुकाट्याने बसला. पडद्यावर गास्पारे पुरतं अर्धं मिनिट म्हातारा होता. मग नावं सुरू झाली. त्यांत तिचं नाव नव्हतं आणि तिने ते शोधलंही नाही.

त्यानंतर ती रोज यायला लागली. थिएटरच्या दारावरची बर्निस तिला शेवटच्या पाच मिनिटांसाठी बिनतिकीट आत सोडायची. एका गुरुवारी तीच जवळ येऊन हळूच म्हणाली, "मिस फेरांते, उद्यापासून दुसरा लागतोय हं."

"माहीत आहे गं. गेला आठवडाभर बाहेर पोस्टर बघतेय."

घरी येऊन निन्फाने सिंकपाशी हात धुतले. समोर आरसा होता. डोळ्यांखालच्या पिशव्या होत्या, कानाची पाळी होती, ओठांच्या सुरकुत्या होत्या. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने ओला अंगठा आपल्या हनुवटीवर, जरा डावीकडे, घट्ट दाबून धरला.

"किती म्हातारा झालास रे," ती म्हणाली. "बस. पास्ता टाकते."

आणि भांड्यात पाणी घेताना तिने ते दोघांपुरतं घेतलं.