सोबतीचं हेलिकॉप्टर

लढाऊ हेलिकॉप्टरं ठेवायची की मोडीत काढायची, हे ठरवायला समिती बसली आणि तिनं साक्षीला बोलावलं ते वाघोबाला. वाघोबा म्हणजे निवृत्त वैमानिक. उभं आयुष्य त्याच हेलिकॉप्टरांवर काढलेलं, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याची एकुलती एक लेकही तीच हेलिकॉप्टरं उडवायची. म्हणून तर तळावर सगळे निर्धास्त होते. म्हातारा स्वतःच्या लेकीच्या पोटावर पाय देणार थोडाच?

पण लढाई बदलली होती. खांद्यावर ठेवून डागायचं क्षेपणास्त्र आता सोम्यागोम्याच्या हातात आलं होतं, आणि खेळण्याएवढे ड्रोन आभाळात टपून असायचे. लेकीच्या तुकडीतले दोघे नुकतेच मारले गेले. तेव्हापासून वाघोबाला अन्न गोड लागेना. दिवसभर तो फोनकडे बघत बसायचा. नोकरी सोड म्हणून त्यानं लेकीला विनवून पाहिलं, तिनं हसण्यावारी नेलं. मग त्यानं ठरवलं, ती जमिनीवर येत नाही ना, आपण हेलिकॉप्टरच जमिनीवर आणू.

बंद दाराआड तो समितीपुढे बोलला, आणि बोलला त्यातलं बहुतेक खरं होतं. ही हेलिकॉप्टरं आता शत्रूच्या डोक्यावर जाऊ शकत नाहीत. झाडांच्या आड लपतात, लांबूनच रॉकेटं फेकतात आणि शेपूट घालून परत येतात. तेच काम ड्रोन करतो. ड्रोनचा बाप घरी फोनकडे बघत बसत नाही, हे मात्र तो मनातच म्हणाला. सदस्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात टोकाला बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की जखमींना आणायला जाणाऱ्या हेलिकॉप्टरबरोबर हीच राखणीला जातात ना, त्याचं काय?

तरुणपणी वाघोबानं हेच केलं होतं. खाली जखमी उचलले जाईपर्यंत वर घिरट्या घालून गोळ्या झाडणाऱ्यांना डोकं वर काढू दिलं नव्हतं. पण हे सांगितलं असतं तर सगळ्या केल्यासवरल्यावर पाणी पडलं असतं.

“ती पद्धत आता मागे पडली,” तो म्हणाला. बाईंनी त्याच्या पांढऱ्या केसांवर विश्वास ठेवला.

हेलिकॉप्टरं शेडमध्ये गेली आणि वाघोबा पोटभर जेवला. मग लेक घरी आली ती बॅग भरायला. युद्ध चालू असताना वैमानिकाला कुणी घरी बसवत नाही, एवढी साधी गोष्ट जन्मभर गणवेश घातलेल्या ह्या माणसाला सुचली नव्हती. तिची बदली जखमी आणणाऱ्या तुकडीत झाली होती. तिथल्या हेलिकॉप्टरला बंदूक नसते, आणि आता पाठीशीही कुणी नव्हतं.

कपड्यांच्या घड्या घालता घालता ती सांगत होती, आवाज न चढवता. बाबांनी आपली बाजू लावून धरली असणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. पण राखणीची गरज नाही, असं दुसऱ्या कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं म्हणे.

“ज्यानं सांगितलं ना बाबा, त्याला एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बसवायला हवं.”

“बसतो,” वाघोबा म्हणाला.

तिचे हात थांबले. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उरलेले कपडे तसेच कोंबून तिनं बॅगेची चेन ओढली, आणि निघताना नेहमीसारखं “येते” म्हणाली नाही.