शिट्टी

"बंद करा ते आधी," बायको दारातूनच म्हणाली. दोन्ही कान तिनं तळहातांनी घट्ट दाबले होते.

त्याला कळेना. टेबलावरचा अ‍ॅम्प्लिफायर तर चिडीचूप होता. स्पीकर चालवणारा काचेचा व्हॉल्व्ह एकटाच, त्यामुळे घरघर ही त्याची जन्मखोड. त्यावर त्यानं फीडबॅकचा उतारा काढला होता: स्पीकरकडे निघालेल्या आवाजातला थोडा उलटा करून पुन्हा पहिल्या व्हॉल्व्हला पाजायचा, म्हणजे चूक आपली आपणच खोडली जाते. डोस वाढवत नेला, तशी घरघर विरली. आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा तेवढा खाली यायला तयार नव्हता. पण मीटर जुना, त्याचं कोण मनावर घेतो!

"काय झालं?"

"अहो, शिट्टी. कानात सुई खुपसल्यासारखी."

शिट्टी. आठवड्यापूर्वी हाच शब्द नाट्यगृहाच्या मॅनेजरनं उच्चारला होता. दुसऱ्या अंकात स्पीकरमधून शिट्टी येते, प्रेक्षक तक्रार करतात. उभा जन्म ध्वनियंत्रणेपुढे काढलेला हा माणूस भडकला. माझ्या कानांना शिकवू नका म्हणाला आणि किल्ल्या मॅनेजरच्या टेबलावर आपटून घरी आला. हा अ‍ॅम्प्लिफायर त्याच टेबलावर नेऊन ठेवायचा, हेच त्याचं उत्तर होतं.

त्यानं फीडबॅकची तार काढली. बायकोचे हात खाली आले. तार जोडली, हात कानांवर गेले. पुन्हा काढली, पुन्हा जोडली. मग त्याचं लक्ष मीटरकडे गेलं. तिच्या हातांबरोबर काटाही पडत होता, चढत होता.

तो स्टुलावर बसला.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. दाराची बेल वाजली की हल्ली मीच उठते ना."

"बोलली नाहीस."

"कानांवर पोट तुमचं. कुठल्या तोंडानं बोलू?"

त्यानं तिला समोर बसवलं, फीडबॅकचा डोस कमी केला, शिट्टी दाबायला तारेवर एक छोटा कपॅसिटर डाखून पाहिला, मग दुसरा. दर वेळी तो तिच्या चेहऱ्याकडे बघे आणि ती नकारार्थी मान हलवे. अखेर तिनं हात मांडीवर ठेवले. काटा खाली उतरला होता. घरघर मात्र थोडी परतली.

"ही घालवायची नाही?" तिनं विचारलं.

"राहू दे. ती मला ऐकू येते."

सकाळी तो मॅनेजरकडे गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, शिट्टी होती. मॅनेजर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खुर्ची पुढे केली, चहा मागवला, दिव्यांचं काम बघाल का म्हणून हळूच विचारलं. बघतो म्हणून तो निघून आला.

संध्याकाळी त्यानं आवडती तबकडी लावली. गाणं पाठ होतं, पण आज ते त्याला पांघरुणाआडून आल्यासारखं वाटलं. बायको डोळे मिटून ऐकत होती.

"काय काय ऐकू येतं?" त्यानं विचारलं.

"बासरी. आणि ओळ सुरू करायच्या आधी ती बाई श्वास घेते ना, तोसुद्धा."

"श्वास घेते?"

"हो. आत्ता घेतला बघा."

तो मान पुढे करून बसला. पुढची ओळ यायच्या आधी तिनं त्याच्या हातावर बोट टेकवलं.