चुका इथेच करा

शालान्त परीक्षेला चार महिने उरले, तेव्हा गणिताच्या बाईंनी सरावाचे दहा पेपर काढायचं ठरवलं. बाजारातले तयार संच त्यांना पसंत नव्हते. त्यांच्या शेवटी उत्तरं छापलेली असत आणि मुलं आधी शेवटचं पान उघडत. म्हणून त्यांनी घरी बसून प्रश्न जुळवले, हाताने लिहिले आणि शाळेच्या झेरॉक्स मशीनवर प्रती काढल्या. दर शनिवारी सकाळी एक पेपर, तीन तास, घड्याळ लावून. दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या वर्गात पेपर व्हायचा, कारण तिथे बाक एकमेकांपासून लांब ओढता येत.

पहिल्या शनिवारी त्यांनी मुलांना बजावलं, "इथे उत्तर चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. जेवढ्या चुका करायच्यात तेवढ्या इथेच करा. शेजारी बघू नका, गाईड उघडू नका. मला तुमचं डोकं तपासायचंय, गाईडचं नाही."

बहुतेकांनी हे या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. बाई कोणत्या जुन्या पुस्तकांतून प्रश्न घेतात याचा तिसऱ्या पेपरापर्यंत मुलांना पत्ता लागला होता. शुक्रवारी संध्याकाळी वर्गात उत्तरं फिरू लागली. एरवी पन्नाशीत रखडणारे पंचाऐंशीच्या पुढे गेले. बाईंना ते कळत होतं. खऱ्या परीक्षेत यांचं पितळ आपोआप उघडं पडेल, असं म्हणून त्यांनी काणाडोळा केला.

एका मुलीने मात्र बाईंचं बोलणं अक्षरशः खरं मानलं. तिचं अक्षर इतकं बारीक होतं की सगळी शाळा तिला मुंगी म्हणायची. तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. मुंगीचे पेपर तपासायला बाईंना चष्मा पुसून बसावं लागे. चुकलेली ओळ ती एका सरळ रेघेने खोडायची आणि बाजूला लिहायची, 'इथे अडले, का ते कळत नाही.' तिला पहिल्या पेपरात एकतीस गुण मिळाले, मग अठ्ठावीस, मग छत्तीस, आठव्यात बेचाळीस. बाईंना ते गुण बघून आनंद व्हायचा, कारण तिच्या चुका बदलत होत्या. आधी ती चिन्हं चुकवायची. आता फक्त भूमितीत अडखळत होती. ही पोरगी परीक्षेपर्यंत साठीला पोचेल, असा त्यांचा हिशेब होता.

आठव्या पेपरानंतर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरावाच्या गुणांची वही मागवून घेतली. सहज नजर टाकते, म्हणाल्या. बाईंनी काही विचार न करता वही शिपायाच्या हातात दिली.

दोन दिवसांनी फलकावर नोटीस लागली. सराव परीक्षांत सरासरी चाळीस टक्क्यांपेक्षा कमी गुण असलेल्या पुढील सात विद्यार्थ्यांचे परीक्षेचे अर्ज या वर्षी पाठवले जाणार नाहीत. पाचवं नाव मुंगीचं होतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाचण्यांसकट नोटीस ओढून काढून त्या तडक मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या. हे गुण कुणाला गाळण्यासाठी नव्हते, त्या म्हणाल्या. मुलांना मी तसा शब्द दिला होता. मोठ्या बाई शांतपणे टेबलावरचे कागद नीट लावत राहिल्या. शाळेचा निकाल सहा वर्षं शंभर टक्के आहे, तो बघून पालक मुलं इथे घालतात, आणि ही सात मुलं एक वर्ष थांबली तर त्यांचाच पाया पक्का होईल, असं त्यांनी समजावलं. वर्गातली निम्मी मुलं गाईडमधून उतरवतात आणि ही सात उतरवत नाहीत, एवढाच फरक आहे, असं बाईंनी सांगून पाहिलं.

"गुण ते गुण," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि शब्द द्यायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं?"

मधल्या सुट्टीत मुंगी शिक्षकांच्या खोलीत आली. रडून आलेली नव्हती. तिने आठही पेपर बाईंसमोर एकावर एक ठेवले. खोलीत आणखी तीन शिक्षक डबे उघडून बसले होते, त्यांच्याकडे तिने बघितलंही नाही.

"बाकीचे उत्तरं पाठ करून येतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," बाई म्हणाल्या.

"मी नाही केली. तुम्ही म्हणालात म्हणून. केली असती तर आज माझा अर्ज गेला असता." तिने पेपरांच्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "एवढं सगळं तपासलंत ना? मग यात माझं चुकलं कुठे, ते पण दाखवा."

बाईंनी वरचा पेपर पुढे ओढला. मुंगी पेपर तिथेच टाकून गेली. डब्यांची झाकणं लागली आणि सगळे आपापल्या तासाला निघून गेले. जाता जाता एक जण बाईंच्या कानाशी पुटपुटला की तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता. बाईंना त्याच्या अंगावर डबा फेकावासा वाटला. पण खरी चीड त्यांना स्वतःची आली होती. वही त्यांनी स्वतःच्या हाताने दिली होती. गाईडवाल्यांकडे काणाडोळाही त्यांनीच केला होता.

शाळा सुटल्यावर त्या मुंगीच्या घरी गेल्या. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बाई धापा टाकत दारात उभ्या राहिल्या. बाप कपडे धुण्याच्या पावडरने कोपरापर्यंतचं ग्रीस घासत होता. बसा म्हणाला नाही. मुंगीने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

"लिफ्ट चालू करायच्या आधी आम्ही तिच्यात वजनं ठेवून बघतो," तो म्हणाला. "कुठे काही कमी असेल तर तेव्हाच कळतं. मग ते दुरुस्त करतो. चाचणी त्याच्यासाठीच असते, बाई. तुम्ही दोष सापडला म्हणून माझ्या पोरीलाच खाली उतरवलंत."

आपलं चुकलं, असं बाईंनी सरळ कबूल केलं. उद्या अर्धी रजा टाकून शाळेत जाणार आणि मोठ्या बाईंना चार शब्द सुनावणार, असं तो म्हणाला. त्याने काही होणार नाही, तुम्हाला गोड बोलून वाटेला लावतील, बाई म्हणाल्या. अर्ज पाठवायला परवापर्यंतच मुदत होती. परीक्षा मंडळाच्या कार्यालयात जावं लागेल, आणि मी तुमच्याबरोबर येते.

"तिथे तुम्ही बोलाल? शाळेच्या विरुद्ध?"

"लिहूनही देईन."

त्याने हात पुसले आणि खुर्ची पुढे केली.

मंडळाच्या कार्यालयात त्यांना तीन खिडक्या फिरवण्यात आलं. पहिल्या खिडकीने कानावर हात ठेवले, दुसरीने तिसरीकडे बोट दाखवलं. तिसरीत एक वयस्क कारकून बाई होत्या, सतत खोकणाऱ्या आणि चेहऱ्यावरची माशी न हलणाऱ्या. बाईंनी बरोबर आणलेली नोटीस त्यांनी दोनदा वाचली. मुलीची हजेरी किती आणि सहामाहीत गणितात किती, एवढंच विचारलं. हजेरी चोख होती. सहामाहीत सत्तेचाळीस होते, म्हणजे पास.

"मग अर्ज आला पाहिजे," कारकून बाई म्हणाल्या. "सरावाच्या पेपरांना आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही."

त्यांनी तिथूनच शाळेला फोन लावला. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. मग कारकून बाईंनी फोनवर हात ठेवून सांगितलं की शाळेने कुणाचाही अर्ज अडवलेला नाही, पालकांना नुसता सल्ला दिला होता, असं त्यांचं म्हणणं आहे. लिफ्टवाला खिडकीची कड घट्ट धरून उभा होता. नोटिशीवर शाळेचा शिक्का आहे आणि हवं तर मी आत्ता इथे जबाब लिहून देते, असं बाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कारकून बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. "सातही अर्ज उद्या दुपारपर्यंत आणा. नसतील आणायचे तर कारण लेखी द्या, तुमच्या सहीनं."

सही कुणी दिली नाही. दुसऱ्या दिवशी सातही अर्ज पोचले.

सोमवारी बाईंच्या हातात नवीन वेळापत्रक आलं. दहावीचा वर्ग त्यांच्याकडून काढला होता आणि पाचवीची चित्रकला दिली होती. त्यांनी ते वाचलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि सातही मुलांना निरोप धाडला की उरलेले दोन पेपर माझ्या घरी होतील.

सहा आली. मुंगी आली नाही. तिचा बाप कामावर जाताना प्रश्नपत्रिका घेऊन जायचा आणि सोडवून झालेला पेपर आणून द्यायचा. नववा पेपर बाईंनी तपासला आणि गुण न टाकता परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच पेपर पुन्हा दारात. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गुण लिहा. मी घाबरत नाही.' बाईंनी त्रेपन्न लिहिले.

निकाल लागला तेव्हा सातपैकी सहा पास झाले होते. मुंगीला गणितात अठ्ठावन्न मिळाले. एक मुलगा चार गुणांनी गेला. गाईडवाल्यांपैकीही तिघे आपटले होते, पण मोठ्या बाईंनी सभेत त्या तिघांचा उल्लेखही केला नाही. शाळेची मान सहा वर्षांत पहिल्यांदा खाली गेली ती त्या एका मुलामुळे आणि त्याचा अर्ज पाठवायला भाग पाडणाऱ्यांमुळे, असं त्या म्हणाल्या. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी चौघांचीही नावं आणि गुण वाचून दाखवले आणि खाली बसल्या. सभा तिथेच आटोपली.

गुणपत्रिका वाटायच्या दिवशी मुंगी पाचवीच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. लहान मुलं खडूंच्या रंगाने माखली होती. बाईंनी तिचं अभिनंदन केलं.

"मला तुमचा अजून राग आहे," मुंगी म्हणाली.

"असू दे. मला पण माझा आहे."

मुंगी आत आली. मग म्हणाली, "तो चार गुणांनी गेलाय ना, त्याची फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. भूमिती मी घेणार आहे त्याची. तुमचे पेपर लागतील. कोरे."

बाईंनी कपाट उघडून दहाही पेपरांच्या प्रती काढल्या. मुंगीने त्या तिथेच उभ्या उभ्या मोजल्या. सातवा कमी निघाला. बाईंनी तो शोधून दिला. तिने गठ्ठा छातीशी धरला आणि आभार न मानता जिना उतरून गेली.