तानाबाईंचं उरलेलं बाळंतपण

आमची पुतणी वर्षाराणी पहिल्यांदा बाळंत झाली ते शहाण्णव साल. बाळंतपण कोल्हापुरात दवाखान्यात झालं आणि मायलेकी उचगावला आमच्या घरी आल्या. पुढचा सव्वा महिना माहेरचा. तेल-पाणी, शेक, धुरी, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू. सासरी, नेसरीला, म्हशींच्या धारा काढून पोरगी पार वाळली होती. तिची आई, म्हणजे माझी भावजय आक्का, म्हणाली होती की हिची कंबर घट्ट झाल्याशिवाय मी हिला उंबरा ओलांडू देणार नाही.

बारसं उरकलं आणि नेसरीहून निरोप आला. म्हशी दुसऱ्या हाताला दूध देईनात, सून धाडून द्या. निरोपाच्या पाठोपाठ एस.टी.तून सासूच उतरली. तानाबाई. बाईचा आवाज असा की हायवेला मागून बोलली तर ट्रकवाले बाजूला होत. चप्पल काढायच्या आधीच तिनं सांगून टाकलं की उद्याच्या पहिल्या गाडीनं सून आणि नात घेऊन जाणार.

वर्षाराणी आतल्या खोलीत डोळे पुसत बसली. आक्का मुलीकडची, विहिणीपुढं काय बोलणार? बोलली ती झुंबरबाई.

झुंबरबाई आमच्या गल्लीतली बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी. तिच्या हातात काय होतं देव जाणे. एकदा तिनं आमच्या गंजक्या सायकलीला उरलेलं तेल चोळलं, तर सायकल एकटीच रंकाळ्याला चक्कर मारून आली. खोटं वाटत असेल तर वाटू दे, मी ती परत येताना बघितलीय.

तर सकाळी वर्षाराणीला रगडून झाल्यावर झुंबरबाईनं वाटी हातात धरूनच तानाबाईला विचारलं, "तुमचं बाळंतपण कुणी काढलं हो?"

"कोण काढतंय? विजा झाला आनि बारशाच्या आदीच म्हशीखाली बसलतो मी."

"मग कंबर धरत आसंल."

"तवापास्नं धरतीया."

"म्हंजे तुमचं बाळंतपण आजून बाकी हाय की ओ पावणं," झुंबरबाई म्हणाली. चेहरा असा, की डॉक्टरीणच. "ऱ्हायलेलं बाळंतपण हाडात बसतंय. तेल गरमच हाय. गाडीला येळ हाय. जरा पालथं पडा."

तानाबाई पडली. दार लोटलं. आधी आतून विव्हळणं ऐकू आलं, मग विव्हळण्याला चाल लागली, मग नुसतं घोरणं. गाडी कधीच गेली. पुढं कढत पाण्यानं आंघोळ, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा, आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. ओवा-शेपांची धुरी त्या दिवशी दोघींसाठी घातली. तिचा लोट असा उठला की उचगावचे डास बिऱ्हाड आवरून कसबा बावड्याला गेले.

रोज रात्री तानाबाई म्हणायची, उद्या निघायचं. रोज सकाळी वर्षाराणीच्या आधी पालथी पडलेली असायची. कानाला फडकं बांधलं, जेवणानंतर बाळंतशेपा चघळू लागली. मी जरा टी.व्ही. मोठा केला तर, बाळंतिणीच्या डोक्यात आवाज बसतोय म्हणून मलाच हाग्या दम. लाडवाच्या डब्यावरून सासू-सुनांची बारीक भांडणं होऊ लागली, आणि सून चक्क जिंकू लागली.

शेवटी तिचे मालक गणपतराव आले, दोघींना न्यायला. बायको बाजेवर, वरून घोंगडं, खालून शेक. ते बघतच राहिले.

"हे काय आनि?"

"बाळंतीन हाय मी. बारीक बोला."

गणपतराव बारीक आवाजात रडकुंडीला आले. म्हशी काही केल्या पान्हा सोडेनात, म्हणून वर्षाराणीचा नवरा विजयसिंह बायकोचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धारा काढत होता. म्हशी फसल्या होत्या, पण गाव फसत नव्हतं. रोज सकाळी गोठ्यापुढं गर्दी जमायची.

"दूध देत्यात न्हवं?" तानाबाईनं विचारलं.

"देत्यात. पयल्यापेक्षा जास्तच."

"मग नेसू दे की."

गणपतराव एक लाडू खाऊन आल्या गाडीनं परत गेले.

सव्वा महिना भरला. वर्षाराणीच्या गालावर लाली आली, पोरगी बाळसं धरून टपोरी झाली. विजयसिंह जीप घेऊन न्यायला आला. लुगडं नव्हतं, पण पायरी चढताना हात आपसूक डोक्यावरचा पदर सावरायला गेला. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडं बघितलं.

वर्षाराणीनं पिशव्या भरल्या आणि खोलीच्या दारातून सासूला हाक मारली, "आत्ती, चला. गाडी आलीया."

तानाबाईनं कूस बदलली.

"तू हो म्होरं. तुझ्यामागनं सुरू झालंय माझं, आजून भरायचं हाय. आनि हे बघ, घरी गेल्या गेल्या म्हशीखाली बसशील तर तंगडं मोडीन. विजाला आता येतंय की."

विजयसिंहानं पोरीला उचलून घेतलं आणि जीपकडं निघाला. मागून झुंबरबाई तेलाची वाटी घेऊन आत शिरत होती.